मुरायला एकवीस दिवस

डब्यावर छापलंय : दहा मिनिटांत सुकतं.
कायतान म्हणायचा, हा डबा बनवणारा
मरोळला कधी राहिलेला नाही.
राहिला असता तर ऑगस्टात
मिठाच्या बरणीत बोट घालून बघितलं असतं
आणि मगच आकडा छापला असता.

गन हातात द्यायच्या आधी त्याने मला तीन शब्द दिले.
सुकणं, वाळणं, मुरणं.
सुकतं ते वरवरचं. बोटाची मागची बाजू टेकव,
चिकटली नाही तर दुसरा हात मार,
तो पहिल्यात विरघळतो, दोघांची एकच कातडी होते.
वाळतं ते उद्या. नख रुतत नाही,
चारशे नंबरचा कागद पांढरी पूड काढतो, गोळे नाही.
आणि मुरतं ते आपण नसताना,
एकवीस दिवस, हवा वाईट असली तर महिना.
लोणच्याची बरणी हलवून काय उपयोग, पोरी?
नाक लाव. वास येतोय तोवर ते बोलतंय.
गप्प झालं की मुरलं.

गिऱ्हाइकं कुठली ऐकायला.
फुर्ताडोबाईंनी चौथ्या दिवशी नव्या टेबलावर
पेपर पसरला, वर मटणाचं पातेलं.
शेअरबाजाराचे भाव उलटे उमटले ते अजून तसेच आहेत.
कायतान हसला नाही. म्हणाला,
घाईची पावती असते ही, सांभाळून ठेवा.

आज सकाळी सहाला वालेरियनचा फोन.
चार वाजता मिस आहे, ताई.
तयार पेट्यांत पप्पा मावत नाहीत.

सहा फूट दोन इंच.
फळ्या त्याच्याच होत्या, कुणाच्या तरी
रुखवताच्या कपाटासाठी कापून ठेवलेल्या.
रामआशीष ठोकत होता, मी पॉलिशपेपर मारत होते,
दोघांनीही रेडिओ लावला नाही.

सव्वा अकराला पहिला हात.
हवेत इतकी ओल, की लॅकर पांढरं पडलं,
मोतीबिंदू चढावा तसं आख्खं झाकण.
रिटार्डर घातला. तो उडायला वेळ घेतो,
पांढरेपणा निवळला,
पण घड्याळाचा सगळा हिशेब चुकला.
वालेरियन म्हणाला, पंखा आणू?
नको, धूळ बसेल.
तो म्हणाला, धूळ.
मग आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दुसरा हात दीड वाजता. तिसरा नाहीच.

मी सांगितलं होतं, कड्यांना धरा,
लाकडाला बोट लावू नका.
पायऱ्यांवर तोल गेला आणि सहा जणांनी
खालून पंजे लावले.
एकाच्या कोटाचा काळा धागा कडेला चिकटून गेला.
देवळात धुपाच्या वर थिनरचा वास,
फादर दोनदा खोकले.
रेमेदीबाईंनी झाकणावर सबंध तळवा ठेवला,
ठेवूनच दिला.
माझ्या तोंडापर्यंत आलं होतं,
अहो, उठेल ठसा.
उठला.

आज नऊ तारीख. तीसला एकवीस होतील.
खाली मातीत कसली ओल असते,
तिथे किती दिवस धरायचे,
हे त्याने शिकवलं नाही, मीही विचारलं नाही.
नाक लावायला कुणी नसेल.
दोन वर्षांनी ती जागा दुसऱ्या कुणाला लागेल,
म्हणजे वेळ आहे.
पहिल्यांदाच त्याच्या एखाद्या कामाला
कुणी घाई करणार नाही.

रात्री गाळा उघडला.
गन धुवायची राहिली होती.
त्याने शिव्या दिल्या असत्या, पोर्तुगीजमधल्या दोन,
ज्यांचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता.
नोझलच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता,
दिव्यात स्वच्छ, कडक दिसणारा.
मी नख लावलं.
रुतलं.